कुसुमताईंचं शेवटचं आख्यान

आमच्या चर्चमध्ये बाई कीर्तनाला उभी राहते म्हटल्यावर लोक आधी हसायचे, मग यायचे, आणि एकदा बसले की उठायचं नाव घ्यायचे नाहीत. कुसुमताई आढाव एरवी अगदी साध्या. नाशिकच्या एका शाळेत इंग्रजी शिकवायच्या. मूलबाळ नव्हतं, आणि नवरा इतका अबोल की घरात आहे की नाही हे चपला बघून ठरवावं लागे. पण पदर खोचून टाळ हातात घेतले की याच बाई का त्या, असा प्रश्न पडायचा. मी त्यांच्या मागे पेटी वाजवायचो. त्यामुळे सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं, आणि मी ते रागानेच सांगणार आहे. कुणाला शांतपणे ऐकायचं असेल त्याने दुसऱ्या कुणाला विचारावं.

चर्च देवळाली कॅम्पच्या वाटेवर, लहानसं. ख्रिस्ती कीर्तन आमच्याकडे आजोबा-पणजोबांपासून चालत आलेलं. त्याची एक रीत होती. कीर्तनकाराने आख्यान लावताना त्याचा आधार सांगायचा, अमुक शुभवर्तमान, अमुक अध्याय, अमुक वचन. आणि समोरच्यांनी आपापलं बायबल उघडून त्या जागी बोट ठेवून ऐकायचं. ज्यांना अक्षर येत नव्हतं तेसुद्धा शेजाऱ्याकडून पान काढून घेत आणि बोट ठेवून बसत. ताईंना तिथे उभं राहायला सहज मिळालं नव्हतं. बाईने चर्चमध्ये तोंड उघडावं का, यावर कमिटीतल्या म्हाताऱ्यांनी वर्षानुवर्षं काथ्याकूट केला होता. शेवटी हो म्हणाले ते आवाजावर भुलून, मत बदललं म्हणून नव्हे. ताई म्हणायच्या, शाळा सरकारची, घर नवऱ्याचं, माझं म्हणावं असं हे एक कीर्तन आहे.

१९९४ साली शामसुंदर रणभिसे पाळक म्हणून आले. तरुण, दक्षिणेत धर्मशास्त्र शिकून आलेले, सामानात भांडी कमी आणि पुस्तकं जास्त. ताईंशी त्यांचं लगेच जमलं. शाळा सुटली की ताई पाळकबंगल्यावर जायच्या, पाळकसाहेबांच्या पत्नी चहा ठेवायच्या आणि व्हरांड्यात वाचन चालायचं. कधी मीही असायचो, खरं सांगायचं तर चहासाठी.

तिथेच मी पहिल्यांदा ज्ञानवाद्यांबद्दल ऐकलं. ख्रिस्तानंतरच्या पहिल्या दोन-तीन शतकांत ख्रिस्ती म्हणवणाऱ्यांचे अनेक पंथ होते, हे लोक त्यांतले. तारण श्रद्धेने नाही तर आतल्या ज्ञानाने होतं, असं ते मानायचे. त्यांचीही शुभवर्तमानं होती. पुढे बिशपांनी ती अमान्य ठरवली, आणि कुणीतरी त्यातली काही इजिप्तमध्ये मडक्यात घालून पुरून ठेवली. १९४५ साली खत खणायला गेलेल्या शेतकऱ्यांना ते मडकं सापडलं. पाळकसाहेब इंग्रजीतून वाचायचे, ताई तिथल्या तिथे मराठी करायच्या. ताईंना त्यातलं सगळंच पटत होतं असं नाही. हे जग एका अडाणी, दुय्यम देवाने बनवलं, असं आलं तेव्हा त्या हसल्याच. आमच्या द्राक्षांची चव बघितली नसावी त्यांनी, म्हणाल्या.

पण त्या मडक्याच्या आधीच इजिप्तमध्ये मिळालेल्या एका पोथीतल्या कथेने मात्र त्यांना धरून ठेवलं. प्रभू निघून गेल्यावर शिष्य घाबरून रडत बसले आहेत, आणि मरीया मग्दालिया उठून त्यांना धीर देते. प्रभूने तिला एकटीला सांगितलेलं ती त्यांना सांगते. तर त्या शिष्यांतला पेत्र चिडतो, आम्हाला सोडून तो एका बाईशी बोलला कसा? ती रडते, आणि दुसरा एक शिष्य तिची बाजू घेतो. ताईंनी ते पुन्हा वाचायला लावलं. पाळकसाहेब म्हणाले, "ताई, हे आपल्या चार शुभवर्तमानांनंतरचं आहे. पण तेव्हाच्या चर्चमध्ये हे भांडण चालू होतं, याचा हा पुरावा आहे. हे लोकांना कुणीतरी सांगायला पाहिजे. तुम्ही सांगा." शेवटचे दोन शब्द मी माझ्या कानांनी ऐकले आहेत.

९८च्या ईस्टरला ताईंनी ते आख्यान लावलं. हे आपल्या बायबलातलं नाही, जुन्या काळच्या दुसऱ्या ख्रिस्ती लोकांचं आहे, असं त्यांनी सुरुवातीला स्वच्छ सांगितलं. पण आमची माणसं सवयीची गुलाम. आधार ऐकू आला नाही तरी सगळ्यांनी पुस्तकं उघडली आणि मरीया रडायला लागली तरी पानं उलटतच होती. बायका मात्र डोळे पुसत होत्या. मी पेटीवर असून माझा स्वर दोनदा चुकला.

घात केला आमच्या चर्चमधल्या भागुबाई म्हातारीने, आणि तिच्या मनात काडीचं पाप नव्हतं. दुसऱ्या दिवशी ती बायबल छातीशी धरून थेट कमिटीतल्या एका म्हाताऱ्याच्या दारात गेली. "माझ्या बुकात मरीयेचं पान नाय. लय शोधलं, नातवाकडून बी शोधून घेतलं. पान गाळलेलं बुक दिलं मला, बदलून द्या." तिच्यामागे आणखी चार बायका आल्या. त्यांच्याही बायबलात ते पान नव्हतं.

कमिटी बसली. अध्यक्षस्थानी नियमाप्रमाणे पाळक. मला साथीदार म्हणून बोलावलं होतं. ही शिकवण कुठून आणली, पुस्तक कुणी दिलं, असं म्हातारे विचारत राहिले. ताईंनी नाव घेतलं नाही. त्या नुसत्या पाळकसाहेबांकडे बघत होत्या. ते बोलतील याची त्यांना इतकी खात्री होती की चेहऱ्यावर थोडं हसूसुद्धा होतं. मी तोंड उघडलं तेव्हा त्यांनी डोळ्यांनीच मला गप्प केलं. मग पाळकसाहेबांनी घसा साफ केला.

"कुसुमबाई," ते म्हणाले, "असलं काही व्यासपीठावरून सांगण्याआधी आपण मला विचारायला हवं होतं."

चार वर्षं ताई, ताई करणारा माणूस. त्या दिवशी ताईची बाई झाली. ताईंचं कीर्तन कायमचं बंद करावं असा ठराव त्यांनीच मांडला, वर मंडळीच्या, म्हणजे चर्चमधल्या साऱ्यांच्या, शांतीसाठी असंही म्हणाले. ताईंनी टाळ टेबलावर ठेवले आणि निघून गेल्या. त्या चर्चला येत राहिल्या, शेवटच्या बाकावर बसायच्या. मी पाळकाला शिव्या घातल्या की मला म्हणायच्या, "असं नको बोलूस. त्यांना नंतर ते चुकीचं वाटलं असेल. माणसाचं मत बदलतं."

२००३ साली रणभिसे डॉक्टरेट घेऊन, पुण्याला मोठ्या पदावर बसून नाशिकला व्याख्यानाला आले. विषय होता आरंभीच्या मंडळीतल्या स्त्रिया. ताईंनीच मला ओढून नेलं. सभागृह भरलेलं. रणभिसेंनी तीच कथा सांगितली. शिष्य रडताहेत, मरीया उठते, पेत्र चिडतो. शब्द ताईंचे, थांबायच्या जागा ताईंच्या. बाईचा आवाज दाबणाऱ्यांना त्यांनी असं झोडपलं की लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. ताई उभ्या राहिल्या नाहीत.

बाहेर चहाच्या वेळी रणभिसेंनी आम्हाला पाहिलं. जराही न चाचरता त्यांनी ताईंची ओळख सोबतच्या पाहुण्यांना करून दिली. "या आमच्या जुन्या कीर्तनकार. फार गोड गळा. प्रकृतीमुळे सोडलं यांनी."

मी पुढे सरसावलो, पण ताईंनी माझा दंड धरला. त्यांनी पाहुण्यांना सलाम केला, कप खाली ठेवला आणि आम्ही निघालो. रस्त्यावर आल्यावर मी म्हणालो, तोंडावर खोटं बोलला, तुम्ही ऐकून घेतलं?

"ते सोड," ताई म्हणाल्या. "त्याला ते चुकीचं वाटलं म्हणून त्याने मला बंद केलं, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. त्यावरच दिवस काढले मी. आणि त्याला ते खरं वाटत होतं रे. तेव्हाही खरंच वाटत होतं."