लिंपलेला कॅमेरा

ती बाई आजही आठवते, आणि आठवली की आधी राग येतो. तिच्यावर नाही.

तेव्हा मी सुरतेत, कोसाडच्या बाजूच्या एका पोलीस ठाण्यात इन्स्पेक्टर होतो. सकाळची हजेरी संपत होती तोच एका बांधकामाचा सुपरवायझर पन्नाशीच्या एका मजूर बाईला घेऊन आला. तिने परांचीवर चढून साइटवरच्या कॅमेऱ्यावर सिमेंट थापलं, अशी त्याची तक्रार होती. "साहेब, चोरीनो प्लान छे. आने अंदर करो." हिला आत टाका, असं त्याचं म्हणणं.

बाईला विचारलं. "हो, मीच लिंपला," एवढंच ती बोलली. का, म्हटल्यावर ओठ मिटले. चोर मी पुष्कळ पाहिले. चोर आधी नाकारतो आणि मग पन्नास कारणं सांगतो. ही गुन्हा कबूल करून कारण गिळत होती. तिला आत टाकणं दोन मिनिटांचं काम होतं. पण मला ते पटेना.

साइटवर गेलो. फाटकावरचा, लोखंडाजवळचा, सिमेंटच्या गोदामावरचा, सगळे कॅमेरे धड होते. मागच्या बाजूचा एकच लिंपलेला, तोही इतका गुळगुळीत की गवंड्याने मान डोलवावी. फोडायचाच असता तर विटेचा एक तुकडा पुरे होता. त्याच्या बरोबर खाली सिमेंटच्या रिकाम्या गोण्या आणि जुन्या साड्या बांधून केलेला आडोसा होता. वर छप्पर नव्हतं.

ठाण्यात परतलो. महिला कॉन्स्टेबलला शेजारी बसवलं आणि का लिंपलं ते बाईला अहिराणीत विचारलं. मी मूळचा धुळ्याकडचा, तीही तिकडचीच.

"बहीन, काब्र लिपं ते सांग."

तिने पहिल्यांदा वर पाहिलं. "वर त्याना डोया शे, भाऊ. खाले आमनी न्हानी शे." मग पदर तोंडाला लावून म्हणाली, "गावमा समजनं, ते पोरीस्नं लगीन कसं व्हई?"

बायकांची न्हाणी होती ती. हे चार लोकांत बोलण्यापेक्षा तिला कोठडी परवडत होती. माझं डोकं फिरलं.

सुपरवायझरला समोर उभं केलं. "ए तो सेफ्टी माटे छे, साहेब."

"कसली सेफ्टी? तिथे ना लोखंड, ना सिमेंट. मोबाईल काढ."

त्याने नाइलाजाने मोबाईल पुढे केला. कॅमेऱ्याचं चित्रण त्याच्या मोबाईलवर येत होतं, आणि त्या एकाच कॅमेऱ्यातल्या चित्रणाचे तुकडे त्याने वेगळे जपून ठेवले होते. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्या. पंचांसमोर मोबाईल आणि रेकॉर्डरची पेटी जप्त केली.

दुपारी बिल्डरचा माणूस गोड बोलायला आला. आम्ही तक्रार मागे घेतो, तिलाही गप्प बसवा. पाठोपाठ वरून फोन. "मिटवून टाका." मी म्हटलं, "सर, स्टेशन डायरीत नोंद झाली आहे. पान फाडायचं असेल तर आपण स्वतः येऊन फाडा." पलीकडून फोन ठेवला गेला.

पण फिर्याद बाईनेच द्यायला हवी होती. मी तिला स्पष्ट सांगितलं, की कोर्टात यावं लागेल, आडवेतिडवे प्रश्न येतील. तिने फिर्याद सांगितली. कॉन्स्टेबलने अंगठ्यासाठी शाईचं पॅड सरकवलं, तेव्हा तिने ते मागे लोटलं. "अंगठा नको. माले सही येस." संध्याकाळी साइटवरच्या आणखी सहा बायका जबाब द्यायला आपणहून आल्या.

माझी बदली झाली. झाली तर झाली. कॅमेऱ्यांशी माझं वैर नाही, त्यांनी मला कित्येक गुन्हे उलगडून दिले. पण भिंत ज्याची, त्याला दुसऱ्याच्या अंगावर नजर टाकायचा हक्क मिळत नाही. आता आमच्या सोसायटीतही कोणी कॅमेऱ्याचा विषय काढला की मी आधी विचारतो, त्याचं तोंड कुठे असणार? लोक मला खडूस म्हणतात. म्हणोत.

खटला अजून चालू आहे. आम्ही थकू, या आशेवर सुपरवायझरकडचे लोक तारखा वाढवतात. मी दर तारखेला जातो. तीही आताच्या कामावरून, सुरतेतल्याच बमरोलीहून, दिवसाची मजुरी बुडवून येते. परवा त्यांच्या वकिलाने मला विचारलं, "कॅमेऱ्याची नासधूस करणाऱ्या बाईची बाजू तुम्ही का घेता?"

मी म्हटलं, "नासधूस नाही, वकीलसाहेब. तिच्या न्हाणीला छप्पर नव्हतं, ते तिने घातलं."