डॉक्टरमामांच्या शेजारची जागा

डॉक्टरमामांना एकट्यानं गाडी चालवता येत नसे. म्हणजे चालवण्यात काही खोट नव्हती. इमामपूरच्या घाटात भल्याभल्या ट्रकवाल्यांना घाम फुटायचा, तिथं मामा गप्पा मारत मारत वळणं काढायचे. पण शेजारी कुणी बसलेलं नसलं की त्यांची गाडी गावाबाहेर म्हणून पडत नसे. रोज सकाळी पावणेआठला त्यांची दुधी रंगाची अँबॅसेडर घोडेगावच्या एसटी स्टँडसमोर येऊन उभी राहायची आणि आतून हाक यायची, "नगरला हाय का कुनी? चला, फुकाट हाय!" तुमचं नगरला काय काम, असं विचारलं तर म्हणायचे, "मानसं गावली की काम बी गावतंय."

खरं तर ते डॉक्टर नव्हतेच. सरकारी जनावरांच्या दवाखान्यात पर्यवेक्षक होते. पण जो म्हशीला इंजेक्शन देतो तो डॉक्टर, अशी आमच्या गावाची सोपी व्याख्या. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ते निवृत्त झाले आणि त्याच वर्षी मामी गेल्या. एकुलता एक मुलगा पुण्यात नोकरीला. मामांनी सरकारी लिलावातली ही गाडी घेतली तेव्हा गाव हसलं. एकट्या माणसाला एवढं मोठं धूड कशाला? मामांनी मला एकदा कारण सांगितलं होतं. "घरात रेडिओ हाय सुनंदा. पन त्यो नुसता बोलतो, माझं ऐकत न्हाई."

मी तेव्हा नागापूरच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या स्टोअरला कामाला होते. एसटी चुकली की अर्ध्या दिवसाचा खाडा, त्यामुळे मामांची गाडी मला देवासारखी. देव म्हटलेलं त्यांना खपलं नसतं, ते सोडा. डॅशबोर्डवर बुद्धाची छोटी मूर्ती होती आणि गाडीत चढणाऱ्या प्रत्येकाला, मग तो कुणीही असो, ते "जयभीम" करायचे. कुणी उत्तरात "रामराम" म्हणायचं, कुणी "सलाम", कुणी नुसतंच खाकरायचं. मामांचं त्यावर काही म्हणणं नसे. दार नीट लावलंय ना, एवढंच ते बघत.

त्या गाडीचा गिअर स्टिअरिंगलाच होता. त्यामुळे पुढची सीट सलग, शाळेतल्या बाकासारखी. तिच्यावर मामा धरून तिघं आरामात आणि चौघं मामांच्या आग्रहानं बसायचे. "सरकून घ्या, अजून एक मावतंय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दुधाची किटली, कोंबड्यांची पाटी, कुणाची म्हातारी, सगळं मावायचं. एकदा जेऊरजवळ एक मेंढपाळ ओलं कोकरू घेऊन चढला, तेव्हा मी नाक मुरडलं. मामांनी ते आरशात पाहिलं. त्या दिवशी शेंडीच्या फाट्यावर मला उतरवताना म्हणाले, "माझा बाप घोडेगावच्या बाजाराला लोकांची गुरं हाकत यायचा. मालक बैलगाडीत, बाप मागं पायी. गाडीत जागा असायची. पन 'बस' म्हनायचं न्हाई कुनी." एवढं बोलून त्यांनी गिअर टाकला. त्यानंतर मी कुणालाही नाक मुरडलं नाही.

गाडी त्यांना जनावरच वाटायची. सकाळी सुरू करण्याआधी बॉनेटवर हात ठेवून उभे राहायचे, मग कान लावायचे. "आज रवंथ नीट न्हाई हिचं," असं म्हणाले की आम्ही ओळखायचं, आज घाटात ढकलावं लागणार. जनावरांच्या बाजाराचेही ते पक्के जाणकार. शुक्रवारच्या बाजारात त्यांना घेऊन फिरणं ही एक मौज होती. पण तिथली एक रीत त्यांना मुळीच पटत नसे. जनावर विकलं तरी विकणारा आपलं दावं सोडून घेतो, घेणाऱ्यानं स्वतःचं दावं आणायचं. दाव्याबरोबर घरची लक्ष्मी जाते म्हणे. मामा भर बाजारात हसायचे. "आख्खी म्हस दिली आन् दोरी बगलंत मारून चाललाय! दोरीत काय बसलंय रं तुझं?" शेतकरी कसनुसं हसून दावं पिशवीत कोंबायचा.

दशक सरत आलं तशी गाडी दमली. एका महिन्यात तिसऱ्यांदा ती इमामपूरच्या घाटात बसली आणि तिसऱ्यांदा माझा खाडा पडला, तेव्हा माझा तोल गेला. रस्त्याच्या कडेला उभी राहून मी म्हणाले, "मामा, आता पुरे झालं. हे धूड काढा आणि एखादी छोटी, नवी गाडी घ्या." त्यांचा मुलगाही आमच्या घरी फोन करून त्यांना तेच सांगत होता. नगरमध्ये एका दुसऱ्याच कंपनीचं चकचकीत शोरूम उघडलं होतं आणि बाहेर फलक लागला होता, कोणत्याही कंपनीची जुनी गाडी आणा, नवी घेऊन जा. मुलानं फोनवरच सगळं ठरवलं. मामांनी फक्त एक अट घातली की सुनंदानं सोबत यायचं. एकट्यानं गाडी चालवता येत नव्हती ना.

शोरूममधला टाय लावलेला मुलगा अँबॅसेडरभोवती फिरला. पत्र्यावर टकटक केली, बॉनेट उघडलं, खाली वाकून पाहिलं, कागदावर खुणा केल्या. मामा हाताची घडी घालून बघत होते. शेवटी म्हणाले, "दात बघायचं ऱ्हायलं." त्याला काही कळलं नाही. मग त्यानं सगळ्यांसमोर, गाडीला टेकून, तिची किंमत मोठ्यानं सांगितली. मामांचा चेहरा पडला. आमच्या बाजारात जनावराच्या तोंडावर भाव बोलत नाहीत. उपरण्याखाली हात धरतात आणि बोटं दाबून काय ते ठरवतात. मामांनी खांद्यावरचा टॉवेल हातावर टाकला आणि तो हात पुढं केला. टायवाल्यानं तो आनंदानं हलवला आणि म्हणाला, "अभिनंदन सर!" मला हसू आवरेना. मामांनी हात हळूच मागं घेतला. मी हसायला नको होतं.

नवी गाडी दाखवताना त्यांनी एकच प्रश्न विचारला. "पुढं तिघं बसत्यात का?"

"नाही सर. दोन वेगळ्या सीट आहेत. आराम मिळतो."

"आराम व्हय," मामा म्हणाले आणि त्यांनी सह्या केल्या.

नव्या गाडीला हार घातला, आम्हाला पेढे दिले. परतताना शेजारच्या सीटवर मी बसले. प्लॅस्टिक करकरत होतं. ते काढू नका, पुढं विकताना भाव येतो, असं मामांच्या मुलानं फोनवर बजावलं होतं. गाडी घाट अशी चढली की कळलंसुद्धा नाही. मी एकसारखी कौतुक करत होते, आणि मामा पहिल्यांदाच घाटात गप्प होते.

संध्याकाळी आमच्या घरच्या फोनवर शोरूमवाल्याचा फोन आला. जुन्या गाडीची किल्ली राहिली होती. गाडी मागच्या आवारात न्यायची होती आणि किल्लीविना ती जागची हलत नव्हती. मी निरोप घेऊन गेले. मामा ओट्यावर बसले होते.

"मामा, किल्ली राहिली म्हणे तुमच्याकडं."

"ऱ्हायली न्हाई. ठेवलीय," मामा म्हणाले. "घेनाऱ्यानं आपलं दावं आनायचं असतंय. सांग त्यांना."

मी थक्क झाले. "अहो, तुम्हीच हसायचात ना लोकांना?"

त्यांनी अंगणातल्या नव्या गाडीकडे पाहिलं. मग म्हणाले, "हसत हुतो खरं. पन म्या सवताचं जनावर कवा इकलंच न्हवतं ना."

शोरूमवाल्याला हे मी कसं समजावणार? किल्ली सापडत नाही, असं सांगितलं. त्यानं किल्लीवाला आणून दुसरी बनवून घेतली. मामांनी आपली किल्ली बंडीच्या आतल्या खिशात ठेवली.

दुसऱ्या दिवसापासून पावणेआठला नवी गाडी स्टँडसमोर येऊ लागली. मामा काच खाली करून हाक मारायचे. लोक गाडीकडे बघायचे, मग स्वतःच्या पायांकडे बघायचे. "नगं डॉक्टर, पाय मातीनं भरल्यात. यष्टीनं येतो," म्हणायचे. किटलीवाला लांबूनच हात जोडायचा. वाटेवर तर कुणी हातच करेना. जुन्या गाडीचा खोकला लांबून ऐकू यायचा आणि लोक रस्त्याच्या कडेला येऊन थांबायचे. ही बिनआवाजाची गाडी कुणा साहेबाची समजून ते बाजूला व्हायचे.

आणि मी? त्याच आठवड्यात आमच्या कारखान्याची बस घोडेगावपर्यंत सुरू झाली. वेळेवर यायची, वेळेवर पोचवायची. मी बसनं जायला लागले. खिडकीतून मामा दिसायचे, मी हात हलवायचे, तेही हलवायचे. आज मामांबरोबर जाऊ, असं माझ्या मनात कितीदा तरी आलं. पण बस समोर उभी असायची आणि मी चढायचे. काही दिवसांनी मामांची गाडी स्टँडवर यायची बंद झाली. माझ्या ते चार दिवसांनी लक्षात आलं, हे सांगायलाही लाज वाटते.

मग एके दिवशी त्याच रस्त्यावर ती जुनी अँबॅसेडर दिसली. बबन नावाच्या ड्रायव्हरनं ती शोरूमकडून घेतली होती आणि घोडेगाव ते नगर सीटा भरायला लागला होता. पुढं लिंबू-मिरची टांगलेली, आत माणसं कोंबलेली. आमची बस पांढरीच्या पुलाशी तिच्या बाजूनं गेली तेव्हा मी खाली पाहिलं. पुढच्या बाकावर चौघं होते. बबन, एक दूधवाला, मांडीवर पाटी घेतलेली एक बाई आणि मधोमध अंग चोरून बसलेले डॉक्टरमामा. ते काहीतरी सांगत होते आणि सगळे हसत होते. नवी गाडी दारात ठेवून ते भाडं भरून आपल्याच जुन्या गाडीत बसायला लागले होते.

पुढचं मला बबननं सांगितलं. एका शुक्रवारी पांढरीच्या पुलावर चहाला गाडी थांबवली आणि त्याची किल्ली कुठंतरी पडली. सगळ्यांनी शोधली, मिळेना. एका बाईच्या कडेवर तापानं फणफणलेलं लेकरू होतं, तिला नगरला दवाखाना गाठायचा होता. मामा जरा वेळ बाजूला उभे राहिले. मग त्यांनी बंडीच्या आत हात घातला आणि किल्ली काढून बबनपुढं धरली. गाडी पहिल्या दणक्यात सुरू झाली. नगरला उतरताना बबन किल्ली परत द्यायला लागला तर मामा म्हणाले, "ऱ्हाऊ दे तुझ्याकडं. इकल्याल्या जनावराचं दावं किती दिस संभाळू?"

त्या थंडीत मामा गेले. झोपेतच गेले, घरात एकटेच होते. दोन दिवस बबनच्या गाडीत त्यांची जागा रिकामी राहिली, म्हणून तोच बघायला आला होता. मला कळलं ते बबनकडून. माझं घर त्यांच्या घरापासून चार दारांवर.

महिन्याभरानं मुलानं पुण्याहून कुणा गिऱ्हाइकाला नवी गाडी दाखवायला आणलं. मी दारात उभी होते. ड्रायव्हरच्या सीटवरचं प्लॅस्टिक फाटून गेलं होतं. मुलानं दुसरं दार उघडलं आणि शेजारची सीट अभिमानानं थोपटली.

"ही बघा, जशीच्या तशी आहे. हिच्यावर कोणी बसलेलंच नाही."

मी बसले होते, एकदा, शोरूमपासून घरापर्यंत.