सासऱ्यांचा गुडघा आणि माझी कॉलर

सासऱ्यांच्या डाव्या गुडघ्याचा एक्स-रे मी कात्रीनं कापला आणि माझ्या शर्टाच्या कॉलरीत घातला. चष्मा नाकावर होता, दिवसाढवळ्याची वेळ होती, कात्री घरचीच होती. कुणावर ढकलायला जागाच नाही.

माझ्या कॉलरी वळतात. शर्ट नवा असेतोवर कॉलर बरी बसते. पहिलं धुणं झालं की टोकं जरा मान वर करून बघतात, दुसऱ्या धुण्याला उठून बसतात, आणि तिसऱ्यानंतर काही ऐकत नाहीत. गडमुडशिंगीला, सासरच्या मांडवात काढलेल्या माझ्या लग्नाच्या फोटोत मुंडावळ्या आहेत, कोट आहे, आणि कोटावर आलेली कॉलरीची दोन टोकं आहेत, खोंडाला नुकती फुटलेली शिंगं असावीत तशी. तो फोटो सासऱ्यांनी त्यांच्या घरी सोप्यात, म्हणजे बाहेरच्या बैठकीत, दाराच्या समोरच लावलाय. आल्यागेल्याला पाणी देतात आणि फोटोकडं बोट करतात, "ह्यो आमचा जावई. मास्तर हाय. शिंगं बगा की."

लग्नानंतर पहिल्याच महिन्यात मी बायकोला कॉलरीवरून बोललो. ती बादली, साबण आणि ब्रश माझ्यापुढं ठेवून आत गेली. त्याला आता एकतीस वर्षं झाली. माझे शर्ट मीच धुतो. बाहेर मी ते स्त्री-पुरुष समानतेचं तत्त्व म्हणून सांगतो.

शाळेत मी गणित शिकवत होतो. एकदा वर्गात शिरलो तर फळ्यावर एक माणूस काढलेला. तोंड नाही, हात-पाय नाहीत. नुसती एक मान आणि तिच्या दोन्ही बाजूंना पंख. सगळ्या वर्गाला तो कोण ते कळलं होतं, मलाही कळलं. मी तो पुसला नाही. कोनमापक घेतला आणि म्हणालो, "डावा पंख किती अंशांचा? उजवा किती? दोन्हींतला फरक वहीत लिहा." तास छान झाला. पण कॉलर काही सरळ झाली नाही.

"सर, टी-शर्ट घाला, बंद गळ्याचा घाला, कशाला त्रास," असं मला ज्यानं त्यानं सांगून झालंय. मला हे पटत नाही. वळते म्हणून कॉलरच टाकायची? मग उत्तर चुकतं म्हणून गणितही टाकावं लागेल. ज्या पोरांना सगळ्यांनी सोडून दिलं होतं त्यांना मी नापास होऊ दिलं नाही, आणि चार बोटांच्या कापडापुढं हात टेकू? मी टेकले नाहीत, टेकणारही नाही. फक्त हे तत्त्व सांभाळताना अक्कल कुठं ठेवली होती, एवढंच विचारू नका.

आमच्या कोपऱ्यावर एक मावशी इस्त्रीचा गाडा लावतात. मी धुतलेले शर्ट त्यांच्याकडं जायचे. एक दिवस त्यांना म्हणालो, "मावशी, तुमच्या इस्त्रीनं कॉलरी वळायला लागल्यात."

मावशींनी इस्त्री उभी केली. "सर, इस्त्रीनं वळतीय व्हय? तुमी पिळून, दोरीवर कॉलरीनंच टांगून, मुडदा करून आणताय, आन् म्या त्याला जित्ता करायचा?"

"मी एकतीस वर्षं कपडे धुतोय."

"मग एकतीस वर्सं चुकतंय की," असं म्हणून त्यांनी माझे शर्ट बिनइस्त्रीचे परत दिले. मीही बाणेदार. घरी येऊन इस्त्री बाहेर काढली. त्या दिवसापासून धुणंही माझं, इस्त्रीही माझी. आता दोष द्यायलाही कुणी उरलं नाही.

तेवढ्यात सासरे आमच्याकडं राहायला आले. डावा गुडघा गेला होता. दोन वर्षांपूर्वी त्याचा एक एक्स-रे काढून झाला होता. आता नव्या डॉक्टरांनी तो घेऊन गुरुवारी बोलावलं होतं. त्या आठवड्याच्या शनिवारी माझा शाळेतला निरोप समारंभ.

रविवारी सकाळी मी मागच्या दारी शर्ट पिळत होतो. सासरे काठी टेकत आले आणि कट्ट्यावर बसले. अंगात नेहमीचा तीन गुंड्यांचा बिनकॉलरीचा पांढरा शर्ट. थोडा वेळ बघत राहिले.

"पावणं, कोंबडीची मान मुरगाळालाय काय?"

"मामा, पाणी निघायला नको का?"

"पाणी निघालंया. आता जीव निगंल." मग स्वतःच्या गळ्यावरनं हात फिरवला. "हे बगा. कॉलरच न्हाय, तर वळतंय काय? सोडा की नाद."

मी पेटलो. म्हणालो, "शनिवारी समारंभाचा फोटो निघेल. त्यात माझी कॉलर तुमच्या बांधासारखी सरळ दिसेल."

"आन् वळली तर?"

"तुम्ही म्हणाल ते."

"तर कॉलर सोडायची. शनवारपासनं माझ्यागत तीन गुंड्यांचा घालायचा. जल्मभर."

"आणि नाही वळली तर?"

 सासऱ्यांनाही काही तरी द्यावं लागणार होतं. "तर सोप्यातला तुमचा फोटू म्या सोताच्या हातानं उतरवतो."

आतून बायको म्हणाली, "आण्णा, नका हो. ते खरंच करतील काहीतरी." तिला माझी ओळख आहे.

सोमवारी मी साबुदाण्याची खळ केली. इतकी घट्ट झाली की कॉलर वाळली ती पापडासारखी, आणि वळलेल्या अवस्थेतच वाळली. तिला सरळ करायला गेलो तर कट् असा आवाज आला. शिवाय मुंग्या लागल्या. मंगळवारी दोन्ही टोकांना चिमट्यांनी कुलपं टांगून शर्ट वाळत घातला. कॉलर खाली आली, पण तिच्याबरोबर खांदेही आले. घालून बघितला तर मी कुणीतरी वरून सोडून दिल्यासारखा दिसत होतो.

बुधवारी डोकं चाललं. कॉलरीच्या आत प्लॅस्टिकची पट्टी असली की टोक उठत नाही, हे माहीत होतं. पट्टी पातळ हवी आणि ताठ हवी. अशी वस्तू मध्यमवर्गीय घरात एकाच ठिकाणी असते: कपाटावर, तपकिरी पाकिटात. मी स्टूल घेतलं. तीन पाकिटं होती. खालच्या दोन्हींवर धूळ होती म्हणून वरचं घेतलं. धूळ नाही याचा अर्थ ते पाकीट कुणीतरी नुकतंच काढून ठेवलंय, हे गणिताच्या मास्तराला सुचायला हवं होतं. मला एवढंच सुचलं की आतल्या फिल्मचा मधला भाग जास्त सपाट आहे. मधूनच चार पट्ट्या कापल्या.

कॉलरीची खालची शिवण थोडी उसवून पट्ट्या आत सरकवल्या. आता पांढऱ्या कॉलरीतून काळं दिसायला लागलं, जणू कॉलरीला सुतक आलंय. पट्ट्या परत बाहेर काढल्या आणि कपड्याच्या ब्लीचमध्ये बुडवल्या. काळं सगळं सुटून पाण्यात आलं, पट्ट्या काचेसारख्या स्वच्छ. मी खूश. दोन शर्टांत त्या घालून शिवणही घातली. बोटाला दोनदा सुई टोचली, पण कॉलर! आयुष्यात पहिल्यांदा दोन्ही टोकं छातीवर गप्प पडली होती. पाकीट होतं तसं वर ठेवून दिलं.

गुरुवारी त्यातलाच एक शर्ट घालून मी सासऱ्यांना आणि बायकोला घेऊन दवाखान्यात गेलो. रिक्षात सासरे दोनदा माझ्या गळ्याकडं बघून बाहेर बघायला लागले. माझ्या मनात सोप्यातला फोटो उतरतही होता.

डॉक्टरांनी पाकिटातून फिल्म काढली आणि उजेडावर लावली. फिल्मच्या मधोमध चार लांब खिडक्या होत्या. त्यांतून डॉक्टर आम्हाला दिसत होते आणि आम्ही त्यांना.

"यात गुडघा कुठाय?" डॉक्टरांनी विचारलं.

बायकोनं फिल्मकडं बघितलं, मग माझ्याकडं. माझा हात नको तेव्हा कॉलरीवर गेला. संपलं. एकतीस वर्षांच्या संसारात नवऱ्याचा हात कुठं जातो यावरून सगळं कळतं.

"अहो," ती म्हणाली. एवढंच. तिनं ओरडायला हवं होतं.

मी सगळं सांगितलं. ब्लीचचंही. डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, "नवा काढू, त्यात अडचण नाही. पण दोन वर्षांत झीज किती वाढली, ते जुन्यावरूनच कळलं असतं."

आता सासरे बोलतील म्हणून मी मान खाली घातली. ते डॉक्टरांना म्हणाले, "म्या सांगतो की. दोन वर्सामागं उसाच्या बांधापत्तोर चालत जायचो. मागल्या दिवाळीत गोठ्यापत्तोर. आता उंबऱ्यापत्तोर जातो आन् बसतो. ल्हिवा." डॉक्टरांनी खरंच लिहून घेतलं. मी आयुष्यभर आलेख काढायला शिकवले, इतका स्वच्छ आलेख एकाही पोरानं काढला नव्हता.

मग सासऱ्यांनी माझ्या कॉलरीचं टोक चिमटीत धरून दाबून बघितलं. "बसलीया मात्र," म्हणाले. "शनवारपत्तोर बगू." बोलणी खाल्ली असती तर पचली असती. हे पचेना.

शनिवारी सकाळी मी दुसरा शर्ट काढला. पट्टी आत असल्यानं कॉलर सरळच होती. तिला हात लावायचं काही कारण नव्हतं. पण खांद्यावर एक सुरकुती होती, आणि इस्त्री तापलेली होती, आणि मी मी होतो. सुरकुती काढली, मग हात तसाच कॉलरीवर गेला. चांगली दाबून, कडक. आतल्या पट्टीचं काय होतंय ते बाहेरून दिसलं नाही.

दिसलं ते मंचावर. मुख्याध्यापक माझ्या शिस्तीबद्दल बोलत होते. मागच्या बाकांवर आधी खोकला झाला, मग खुसखुस. मी मान वळवली तर गालाला काहीतरी टोचलं. उजवं टोक. डावं त्याच्यामागोमाग निघालंच होतं. इस्त्रीचा चटका बसलेली पट्टी आकसून वळत होती आणि कॉलरीला बरोबर घेऊन वर येत होती. लग्नात निदान ती कोटाच्या वर होती. आता कानापर्यंत निघाली होती.

फोटोवाला पुढं आला आणि हळूच म्हणाला, "सर, कॉलर जरा दाबून धरता का?"

धरली असती तर पैज जिंकलो असतो. पहिल्या रांगेत सासरे काठीवर हनुवटी टेकून बसले होते. म्हणालो, "नाही. आहे तशी काढ." दोन्ही हात मांडीवर ठेवले, छाती पुढं काढली आणि फोटो काढून घेतला. फसवून जिंकण्यापेक्षा हरलेलं बरं.

त्या संध्याकाळपासून मी तीन गुंड्यांचा शर्ट घालतो. शब्द तो शब्द. सोप्यात आता दोन फोटो आहेत, शेजारी शेजारी.

पण पैज कॉलर अंगावर घालण्याची होती. धुण्याची नव्हती आणि इस्त्रीची तर नव्हतीच. सोमवारी मी मावशींच्या गाड्यासमोर जाऊन उभा राहिलो. त्यांनी माझा बिनकॉलरीचा गळा बघितला आणि एक ओला शर्ट पुढ्यात ओढला.

"पिळायचं न्हाय. दाबून पाणी काडायचं. ओली हाय तवरच दोन टोकं दोन हातात धरून अशी ताणायची. वाळत घालताना खालच्या काठाला चिमटं, कॉलर खाली." मग इस्त्री घेतली. "आधी आतली बाजू. टोकाकडनं मधी यायचं. तुमी मधनं टोकाकडं जाताय न्हवं?"

"हो."

"मग कापड सगळं टोकाला गोळा हुतंय. त्येनं वर न्हाय जायचं तर कुटं जायचं?"

इतकं सोपं होतं. टोकाकडून मध्याकडं. मी एकतीस वर्षं पिळत होतो, हातात इस्त्री आल्यापासून मध्याकडून टोकाकडं रेटत होतो, आणि कापडालाच हट्टी म्हणत होतो.

महिन्याभरात सासऱ्यांचं ऑपरेशन झालं आणि ते पुन्हा आमच्याकडंच आले. मी दर रविवारी माझे सहा कॉलरवाले शर्ट धुतो, ताणतो, टोकाकडून मध्याकडं इस्त्री करतो आणि व्हरांड्यात एका रांगेत हँगरला लावतो. घालत नाही. संध्याकाळी परत कपाटात. बायको म्हणते, कशासाठी? मी म्हणतो, जमतं म्हणून.

परवाच्या रविवारी सासरे वॉकर सरकवत व्हरांड्यापर्यंत आले. नव्या गुडघ्यानं उंबरा ओलांडून पहिल्यांदाच. एकेका शर्टापुढं थांबले. अंगठ्यानं एकेक टोक दाबून, सोडून बघितलं. बाराच्या बारा टोकं. एक हललं नाही. मी शेजारी तीन गुंड्यांच्या शर्टात उभा, एकतीस वर्षांत एकदा तरी शाबासकी येईल म्हणून.

त्यांनी शर्टांची रांग बघितली, मग माझा गळा बघितला.

"पावणं, दावणीला सहा बैल बांधल्यात आन् मालक सोताच्या मानंवर जू घिऊन निघालाय. तुमच्यागत येडा म्या उभ्या जल्मात बगितला न्हाय."