पहिलं तास

धनज गावात पेरणीचं पहिलं तास, पहिली ओळ, धरावी ती शेषरावनंच. त्याची तिफण अशी सरळ चालायची, की कुणाला पाणीही न विचारणारे गावचे बडे शेतमालक दौलतराव मृगात त्याला ओट्यावर बसवून चहा पाजायचे.

त्या वर्षी बोलावणं आलंच नाही. शेषराव बसे, उठे, बैलांच्या पाठीवर हात फिरवी, पुन्हा बसे. कारण साऱ्या गावाला ठाऊक होतं. तिसऱ्या बाळंतपणात त्याची बायको वच्छला मरता मरता वाचली. कुटुंबनियोजनाच्या शिबिरात डॉक्टर म्हणाले, "हे काम बाईनंच करावं असा काही नेम नाही," आणि हा गडी बायकोऐवजी स्वतःच ऑपरेशन करून आला. सरकारनं भिंतीवर 'नसबंदीनं मर्दपणा जात नाही' असं लिहिलं खरं, पण गावाच्या डोक्यात कोण लिहिणार?

शेवटी न राहवून तोच दौलतरावांकडे गेला.

"राग नोको मानू," दौलतराव भलतीकडे पाहत म्हणाले. "पन तुह्या हातचं बी आता उगवन काय? लोक म्हनून राह्यले."

शेषराव फणफणत घरी आला. "मी मर्द नाई राह्यलो म्हने! माह्या हातानं बी मरते म्हने!"

चुलीपाशी त्याची थोरली बहीण गोजराबाई भाकरी थापत होती. नवरा वारल्यापासून ती माहेरीच होती.

"मले बी असंच म्हनलं होतं," ती मान वर न करता म्हणाली.

शेषरावला एकदम आठवलं. लग्नाआधी तिफणीमागच्या नळकांड्यातून, सरत्यातून, तुरीचं बी सोडावं तर गोजराबाईनंच. ती विधवा होऊन आली आणि तिच्या हातातलं सरतं काढून घेतलं गेलं. काढणारा शेषरावच होता. त्याला भयंकर लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी त्यानं स्वतःच्या तुकड्यात तिफण जुंपली आणि सरतं बहिणीपुढं धरलं.

"लोक पाहून राह्यले, बाप्पा."

"पाहू दे."

पेरून झालं आणि त्याचा जीव थाऱ्यावर राहीना. दिवसातून दहादा तो वावरात जाई, तास उकरायला बोटं वळवळत.

"उकरलं तं उगवन कसं?" वच्छला ओरडे.

एका सकाळी तो पोचला, तर गोजराबाई आधीच बांधावर, धुऱ्यावर, बसलेली. समोर हिरवे कोंब ओळीनं वर आले होते. शेषरावला हसूही आलं आणि रडूही.

"उगवलं, बाई!"

"हो." ती आपल्या हातांकडे पाहत होती. "मंग इतके वर्सं माह्या हाताले काय झालं होतं, शेषराव?"