धुरपदानं वाळवलेले शब्द

तात्याबा देवकाते मेंढरं सोडून दौंडला रेल्वेत गँगमन म्हणून लागला, तरी त्याची थोरली लेक धुरपदा शिरूरलाच मामाकडं राहिली. शाळा तिथं होती. आठवीला संस्कृत नाहीतर अर्धमागधी घ्यायची होती. संस्कृतच्या वर्गात बसायला जागा नव्हती आणि अर्धमागधीच्या वर्गात व्यापाऱ्यांची चारच पोरं होती. शिकवणारे बापूसाहेब म्हणाले, "बस इथं. ही जुनी प्राकृत भाषा तुला परकी वाटायची नाही."

दिवाळीच्या सुट्टीत ती दौंडला आली ती चुलीपुढंच बसली.

"आये, हजार-दीड हजार वर्षांमागं बी लोक तुपाला तुप्प म्हणायचे. पोटाला पोट्ट. चिखलाला चिक्खल्ल!"

"मग त्यात शिकायचं काय? ते तर मला बी येतंय," अनसाबाई म्हणाली. पण लेकीचं फुललेलं तोंड बघता बघता तिची तव्यावरची भाकरी करपली.

पुढं मामानं आपल्या मुलासाठी धुरपदाला मागणी घातली. अनसाबाईचा जीव त्यात होता. धुरपदा बापापुढं उभी राहिली आणि एवढंच म्हणाली, "आबा, मला पुण्याला शिकायचंय." तात्याबानं मान हलवली. मामाचं येणंजाणं तुटलं. धुरपदा दौंडहून रोज पॅसेंजरनं पुण्याला कॉलेजात जाऊ लागली. "पोरीला घरात म्हातारी करता का?" असं भावकी विचारायची. अनसाबाईच्याही मनात तेच होतं.

एम. ए.ला धुरपदा पहिली आली. मग तिनं संशोधनाला विषय घेतला, जुन्या प्राकृतातले बायकांच्या बोलण्यातले शब्द. एकेका शब्दाला एकेक कागदाची पट्टी. पट्ट्यांनी लोखंडी ट्रंक भरत आली. गाडीच्या हेलपाट्यांत वेळ जातो म्हणून तिनं पुण्यात नदीकाठच्या पेठेत खोली घेतली.

एकसष्टच्या जुलैत पानशेतचं धरण फुटलं आणि नदी पेठांत शिरली.

दोन दिवस घरी तिचं काही कळेना. तिसऱ्या दिवशी धुरपदा दौंडला उतरली. अंगावर दुसऱ्याचं लुगडं, डोक्यावर ट्रंक. अनसाबाईनं तिला पोटाशी धरलं आणि म्हणाली, "तू आलीस, बास. बाकी जाऊ दे."

"जाऊ कसं देऊ, आये?" धुरपदानं झाकण उघडलं. आत चिखलाचा लगदा होता.

आभाळ भरलेलं, ऊन नव्हतं. अनसाबाईनं घरभर दोऱ्या बांधल्या, चूल पेटती ठेवली, आणि मायलेकी एकेक पट्टी सोडवून दोरीवर टाकू लागल्या. शेजारच्या लालबीच्या घरी साहेबलोकांच्या कपड्यांना इस्त्री व्हायची. ती निखारे भरलेली इस्त्री घेऊन आली. "आण इकडं. वर धोतर घालू, खाली कागद. जळायचं न्हाई." तिनं सदऱ्याची कॉलर दाबावी तशी एकेक पट्टी दाबली.

पट्ट्या वाळल्या तेव्हा धुरपदा त्या एकेक करून वाचू लागली. ग्रंथालयात जुन्या पोथ्यांजवळ शाई नेऊ देत नसत, म्हणून शब्द तिनं पेन्सिलीनं उतरवले होते. ते शाबूत होते. अर्थ मात्र खोलीवर येऊन शाईनं लिहिलेले, ते सगळे धुऊन गेले होते.

अनसाबाईला वाटलं, आता पोरगी रडंल. धुरपदा रडली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं पेन्सिलीला टोक केलं.

पहिल्यांदा अर्थ लिहिताना तिनं गुरुजनांचं म्हणणं बरंचसं तसंच उतरवलं होतं. आता प्रत्येक शब्द तिनं नव्यानं तपासला. एका शब्दाबाबत तर खुद्द मार्गदर्शकांना म्हणाली, "सर, तुमचा अर्थ मला पटत नाही." सरांनी तिची पट्टी ठेवून घेतली. आठवड्यानं त्यांनीच बोलावून घेतलं आणि म्हणाले, "लिही तुझं."

प्रबंध पुरा व्हायला आणखी चार वर्षं लागली. पदवी मिळाली, पुण्याच्या कॉलेजात प्राकृत शिकवायची नोकरीही मिळाली. रविवारी दौंडला आली की लालबीची लेक फरीदा पाटी घेऊन तिच्याजवळ बसायची.

एकदा पुण्याच्या गाडीत एका बाईनं अनसाबाईला विचारलं, "लेक काय करते तुमची?"

अनसाबाई सावरून बसली. "कवाच्या मेलेल्या बाया काय बोलत हुत्या, ते ती पोरांना सांगती. आन् लई नीट सांगती."