आईनं नेलं

ती घटना आजही आठवली की आधी माझी मलाच लाज वाटते. नोकरीत मी खुनाचे, दरोड्याचे तपास केले आणि त्यातले पुष्कळसे विसरूनही गेलो. पण हरवलेल्या मुलाची ही साधी वर्दी काही विसरता आली नाही. नावं कुणाचीच सांगणार नाही. त्यातल्या काही बायका अजून हयात असतील, आणि एकदा माझ्यामुळे त्यांची नावं पेठेभर झाली, तेवढं पुरे.

तीस सालानंतरची दोन-चार वर्षं असतील. मी नवा फौजदार, साताऱ्याकडून बदलून सोलापुरात आलो होतो. वय सत्तावीस, नुकतंच लग्न झालेलं, घरात लेकरू नाही. कायद्याची कलमं पाठ होती आणि माणसंही पाठ आहेत असा माझा समज होता. सोलापुरात एका गल्लीत मराठी, दुसरीत तेलुगू, तिसरीत कानडी, आणि चौकात आलं की दख्खनी. ठाण्यातल्या मंडळींना सगळ्यातलं थोडंथोडं यायचं. मला नुसती मराठी यायची, पण ती पक्की येते याचा तोरा मात्र भारी होता.

एका सोमवारी पाचच्या सुमारास पाच बायका आणि त्यांची आठ-नऊ पोरं ठाण्यात शिरली. पुढं एक पंचविशीची बाई, कपाळाला विभूती, डोक्यावरचा पदर खांद्यावर आलेला, पाय अनवाणी. धान्याच्या व्यापाऱ्याच्या घरची सून. तिचा दीड वर्षाचा मुलगा सिद्धेश्वराच्या तळ्याकाठून नाहीसा झाला होता.

वर्दी लिहून घेतली. पाचजणी एकाच पेठेतल्या. दर सोमवारी दुपारी तीनला लेकरांना घेऊन सिद्धेश्वराला जायचं, दर्शन घेऊन तळ्याकाठच्या झाडाखाली बसायचं, पोरांनी हुंदडायचं, बायकांनी चुरमुरे खात बोलायचं आणि दिवे लागायच्या आत घरी परतायचं, असा त्यांचा नेम होता. एरवी या बायकांना उंबऱ्याबाहेर कोण सोडतंय, पण देवाचं नाव असल्यामुळे घरचे नाही म्हणत नसत. त्या दिवशी या बाईनं आपली पाच वर्षांची मुलगी आणि हा धाकटा मुलगा मैत्रिणींवर सोपवला आणि ती दर्शनाला गेली. तासाभरानं परत येऊन विचारते, "बाळ कुठाय?"

"अगं, तूच नेलंस की मघाशी," गिरणीतल्या एका कारकुनाची बायको म्हणाली.

इथून आरडाओरडा सुरू झाला. आईनं भीतीच्या भरात मुलीच्याच थोबाडीत मारली, भावावर लक्ष का ठेवलं नाहीस म्हणून. पोरीनं भोकाड पसरलं आणि मग तोंडच मिटलं.

मुलाच्या कमरेला चांदीची साखळी होती. त्या काळी अंगावरच्या दागिन्यासाठी लेकरू मारून टाकणारेही होते. मी शिपाई चारी दिशांना पाठवले. भोई बोलावून तळ्यात जाळी टाकली. मोटार-अड्ड्यावर आणि स्टेशनवर कुणी संशयित माणूस दिसला का विचारलं. सगळीकडून एकच उत्तर आलं, नाही.

मग एकेकीला वेगळं बसवून जबान्या घेतल्या. चौकशीचा हा पहिला धडा आहे, पाच माणसं एकत्र विचारली तर एकच जबानी पाच वेळा मिळते. कारकुनाची बायको म्हणाली, "मी दुसरीच्या पोराचं नाक पुसत होते. वळून बघते तर बाळ नाही. हिच्या पोरीला विचारलं, तर म्हणाली, आईनं नेलं. मला वाटलं, आली असंल, घेऊन गेली असंल."

"तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत?"

"नाही. पण पोर कशाला खोटं बोलंल?"

माझंही तेच मत पडलं. मुलीला जवळ घेतलं, खडीसाखर दिली. खडीसाखर विरघळली तशी ती बोलली.

"बाळाला कुणी नेलं ग?"

"आईनं."

"कुठं नेलं?"

"घरला."

घरी शिपाई पाठवला. मूल तिथं नव्हतं. उलट सासूला बातमी कळली आणि घरात कल्लोळ उठला.

तेवढ्यात मंदिराकडून हवालदार परतला. त्याला मी मुद्दाम पाठवलं होतं. त्यानं सांगितलं की दुपारी साडेतीन ते पाच गाभारा धुण्यासाठी बंद होता, दर्शन कुणालाच मिळालं नाही. बाई खोटं बोलत होती. आणि तिला सांभाळून घ्यायला चारही मैत्रिणी खोटं बोलत होत्या. मला आतून गर्व वाटला, तो आज कबूल करतो. पेठेतले दोन दुकानदार पंच म्हणून बोलावले आणि त्यांच्यासमोर बाईला उभं केलं.

"गाभारा बंद होता. मग तुम्ही कुठं होता?"

दुसऱ्यांदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं. शेवटी भिंतीकडं बघत म्हणाली, "झोपले होते."

"कुठं?"

"हिच्या खोलीवर." कारकुनाच्या बायकोकडं तिनं बोट केलं.

हळूहळू सगळं बाहेर आलं. कारकुनाची खोली देवळापासून दोन गल्ल्यांवर. नवरा गिरणीत, घरात दुसरं कुणी नाही. या पाचजणींनी आपसात ठरवून टाकलं होतं, दर सोमवारी एकीनं किल्ली घेऊन जायचं आणि तासभर झोपायचं, बाकीच्या चौघींनी तिची पोरं सांभाळायची. पाच सोमवारांत प्रत्येकीला एकदा. या बाईचा धाकटा अजून अंगावर पीत होता, रात्री चार-चार वेळा उठवायचा. पहाटे पाचला चूल आणि जात्याचं काम असायचं. ती पडली ती मेल्यासारखी झोपली.

मी हसलो. खरंच हसलो. "दिवसाढवळ्या लेकरं दुसऱ्यांवर टाकून झोपायला जाणारी आई मी पाहिली नाही," असं म्हणालो. हवालदार माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठा, पाच मुलांचा बाप. तो हळूच म्हणाला, "साहेब, तुमाला लेकरू हुईस्तवर थांबा. माझी कारभारीन चुलीम्होरं बसल्या-बसल्या झोपती."

मी त्याच्याकडं लक्ष दिलं नाही. बाईकडं वळून आवाज चढवला, आणि इतका वेळ 'तुम्ही' म्हणत होतो ते 'तू'वर आलो. "तुझी पोरगीच सांगते, तू नेलंस म्हणून. मूल कुठं ठेवलंस ते सांग."

आपलंच लेकरू आपल्याविषयी असं कसं बोलतं, हे तिला समजेना. "मी न्हाई नेलं," एवढंच पुन्हापुन्हा म्हणत राहिली. मी ते सगळं लिहून काढलं, झोपण्याचंही. पंचांना वाचून दाखवलं, त्यांच्या सह्या घेतल्या. रात्री नऊच्या सुमारास तिला सोडलं आणि पाळतीवर एक शिपाई दिला. सासरी दार उघडलं नाही. "लेकरू आन, मग घरात ये," असं सासूनं आतून सांगितलं. नवरा ओट्यावर उभा होता, त्यानंही तोंड फिरवलं. मुलीला घेऊन ती रात्रभर कारकुनाच्या खोलीवर राहिली; काही विचारलं की मुलगी मार आठवून रडायलाच लागायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला तिला पुन्हा बोलावलं. मायलेकी आल्या. आदल्या दिवशी तळ्यावर भोयांबरोबर असलेला एक तरुण शिपाई दारात उभा होता, अक्कलकोटकडचा. बाई आत आली आणि मुलगी मागं पायरीवर अडखळून पडली. गुडघा फुटला. पोर किंचाळली, "अव्वाऽऽ!" आणि धावत येऊन आईच्या लुगड्याला बिलगली.

मी टाक खाली ठेवला. शिपायाला विचारलं, "काय म्हणाली ती?"

"अव्वा म्हनली की साहेब."

"अव्वा म्हणजे?"

"आई. कानडीत आईला अव्वा म्हंत्यात."

"मग आई म्हणजे कोण?"

तो हसला. "आजी, साहेब. आमच्याकडं लई घरांत आजीला आई म्हंत्यात."

माझ्या कानशिलाखाली कुणी वाजवल्यासारखं झालं. पोरगी मराठी शेजारणींत वाढलेली, बोलली मराठीतच, पण नात्याचे शब्द तिच्या घरचे होते. तिनं पहिल्यापासून खरं सांगितलं होतं. शेजारणीनं मराठी कानानं ऐकलं, मीही तसंच. आणि जास्त शहाणपणा माझा असा की, तिच्या आईपुढं तिचा शब्दच मी बदलला. 'आईनं नेलं' एवढंच जसंच्या तसं सांगितलं असतं, तर त्या बाईनं तिथल्या तिथं उलगडा केला असता. मी म्हणालो, 'तू नेलंस.'

मी बाईला हळू आवाजात विचारलं, "तुमच्या घरात मुलं 'आई' कुणाला म्हणतात?"

"माझ्या अव्वाला. घरच्या सासूबाईंना अम्मा म्हणतात." बोलता-बोलता ती थांबली. "का हो साहेब?"

"मुलगी म्हणते, बाळाला आईनं नेलं."

ती मुलीला कुशीत ओढून कानडीत काहीतरी विचारू लागली. पोरीनं मान डोलावली. आता सगळं भडाभडा सांगितलं. आई आली होती. मोटार सुटायला आली होती. अव्वाला सांग म्हणाली होती. पण अव्वानं आल्या-आल्या मारलं, म्हणून सांगायचं राहिलं.

बाईला आता आठवलं. दिवाळीला माहेरी गेली असताना तिनंच आपल्या आईला गळ घातली होती, की याचं अंगावरचं दूध तोडायला थोडे दिवस तुझ्याकडं ने, मला आता होत नाही. म्हातारीनं अमावस्येनंतर येते म्हणून सांगितलं होतं. पण गावातली चार माणसं देवाला निघाली, तीही त्यांच्याबरोबर आली. झाडाखाली नातवंडं दिसली, लेक दिसली नाही, मोटारवाला हाका मारत होता. मुलीला निरोप दिला, नातू उचलला आणि निघाली. नातवाला मांडीवर घेऊन बसलेली म्हातारी मोटार-अड्ड्यावर कुणाला संशयित वाटणार?

मी स्वतः बाईला घेऊन त्या गावी गेलो. अक्कलकोटच्या अलीकडं चार कोसांवर. म्हातारी ओसरीवर नातवाला दुधात कुस्करलेली भाकरी भरवत होती. पोलीस बघून तिनं मलाच दरडावलं, "निरोप दिल्ता की. कशाला आलासा?" बाई मुलाला छातीशी धरून रडली, आणि रडतानाच झंपर सैल करून त्याला पाजायला बसली. म्हातारी कपाळाला हात लावून म्हणाली, "झालं. आता कुठलं तुटतंय दूध."

परतल्यावर मी गणवेशात तिच्या सासरी गेलो. आजूबाजूचे दुकानदार जमले होते. त्यांच्यासमोर मोठ्यानं सांगितलं की सुनेचा काही अपराध नाही, चूक पोलिसांची होती, म्हणजे माझी. त्या काळच्या फौजदाराला हे सोपं नव्हतं, आणि मला वाटलं, आता सगळं मिटलं.

सासूनं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ते कळलं साहेब. लेकरू मिळालं, तुमचे उपकार. पर ही देवाचं नाव सांगून झोपाय जात हुती, ते तर खरं हाय न्हवं? तुमीच लिवलंय, पंचांनी सांगितलं."

मला हो म्हणावं लागलं. सून मुलाला कडेवर घेऊन उभी होती. तिनं मान वर केली नाही.

पुढं दोन वर्षं मी सोलापुरात होतो. सोमवारी बंदोबस्ताला तळ्याकडं गेलो की त्या झाडाखाली पोरांचा गलका दिसायचा. बायका चौघीच असायच्या. एकदा कारकुनाच्या बायकोनं मला थांबवलं. ती मला भीत नव्हती, तेव्हाही नव्हती. म्हणाली, "साहेब, आम्ही खोटं बोललो, कबूल. पण लेकरू मिळाल्यावर तो कागद फाडता आला नसता का? तिला आता देवळातसुद्धा सासूबरोबर जावं लागतं."

सरकारी कागद फाडता येत नाही, असं मी तिला सांगितलं. ते खरंच होतं. पण पंचांपुढं ते वाचायची काही गरज नव्हती, हे तिला सांगायचं धाडस मला झालं नाही.

पुढच्या नोकरीत हाताखाली आलेल्या प्रत्येक शिपायाला मी शिकवलं, साक्षीदार 'आई' म्हणाला तर 'आई'च लिहायचं, आपल्या मनाचं लिहायचं नाही. माझी थोरली मुलगी झाली तेव्हा चार महिने घरात कुणाला धड झोप नव्हती. एका दुपारी मी घरी आलो, तर बायको पाळण्याची दोरी हातात धरून उभ्या-उभ्या भिंतीला टेकून झोपली होती. मी दोरी तिच्या हातातून सोडवून घेतली आणि तिला म्हणालो, जा, आत जाऊन पड. ती दचकून म्हणाली, "कुणाला सांगू नका हं."