शिफारसपत्राचा खर्डा

नागपूरच्या कॉलेजात शिकवत होते तेव्हा शिफारसपत्राची रीत ठरलेली होती. मजकूर आपणच टाइप करायचा, सर चहा पीत असताना पुढे ठेवायचा, सर न वाचता सही करायचे. आपला हात जगन्नाथ! लंडनमधल्या पिनरला आल्यावर पंचेचाळिशीत मी पीएचडीला बसले आणि अमेरिकेतल्या एका ग्रंथालयाच्या फेलोशिपसाठी अर्ज करायचं ठरलं, तेव्हाही मी तेच केलं.

ही फेलोशिप मला हवीच होती. अमेरिकेत इंग्रजांच्या वसाहती होत्या त्या काळातल्या घरगुती पाककृतींच्या वह्या हा माझा विषय, आणि तीन वर्षं मी त्या नुसत्या स्क्रीनवर बघत होते. फेलोशिप मिळाली तर महिनाभर तिथे बसून मूळ वह्या हाताळता येणार होत्या. शिवाय मनात एक सल होता. नवऱ्याच्या व्हिसावर इथे आल्यापासून मला इतिहासाची अभ्यासक म्हणून कोणी ओळखतच नव्हतं.

माझ्या सुपरवायझर बाई इंग्रज, साठीच्या, तोंडाने फटकळ. त्यांनी माझा खर्डा चक्क पूर्ण वाचला.

"हे कोणाबद्दल आहे?"

"माझ्याबद्दल. तुम्ही फक्त सही करायची."

"वेळेवर येते, नम्र आहे, चारित्र्य उत्तम. आपण हिला भाडेकरू ठेवतोय का?"

मला इतकी लाज वाटली की त्या लाजेचा रागच झाला. बाईंनी कागद बाजूला सारला. म्हणाल्या, "पत्र मी लिहीन आणि थेट पाठवीन. आता सांग, त्या वह्यांत तुला असं काय दिसलं जे दुसऱ्या कोणाला दिसलं नाही?"

मी अर्जातली वाक्यं घडाघडा म्हटली. त्या नकारार्थी मान हलवत राहिल्या. शेवटी मी चिडूनच बोलले, "त्यातली एक बाई लोणचं रोज ढवळा म्हणते, पण चमचा कोरडा हवा हे कुठ्ठे लिहीत नाही! जिने स्वतः लोणचं घातलंय ती हे विसरेल का? म्हणजे लिहिणारी एक आणि घालणारी दुसरी. त्या घरात गुलाम बायका होत्या. मला ती दुसरी शोधायची आहे."

"मग हे अर्जात का नाही?"

"लोणच्याचं काय लिहायचं? लोक हसतील."

"अर्ज पुन्हा लिही," एवढंच त्या म्हणाल्या.

घरी सांगितलं तर नवरा हसून लोटपोट. "म्हणजे तू सेल्फ-अप्रेझल लिहून मॅनेजरची साइन मागितलीस! अगं, आमच्या टीममध्ये हे ऑफिशियली चालतं." मी त्याला त्या दिवशी भांडी घासायला लावली आणि अर्ज लोणच्यापासून सुरू केला.

वसंतात होकाराची ईमेल आली. मी इतक्या जोरात ओरडले की शेजारच्या आजी कुंपणापाशी आल्या. दुसऱ्या दिवशी पेढे घेऊन बाईंकडे गेले आणि न राहवून विचारलं, "पत्रात काय लिहिलं होतंत?"

"ते कॉन्फिडेन्शियल असतं," म्हणत त्यांनी दुसरा पेढा उचलला.

आजवरची माझी सगळी शिफारसपत्रं मला तोंडपाठ आहेत, कारण ती मीच लिहिलेली. हे एकच मला कधी वाचायला मिळणार नाही, आणि खरं वाटतं ते हेच एक.